दम लागलेल्या कॅन्सर रुग्णासाठी ऑक्सिजनचे यंत्र आणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप नेहमी फिरतो : ‘कॅन्सर पेशंट आहे, दम लागतोय, ऑक्सिजन मशीन अर्जंट हवे.’ माणसे लगेच धावतात. २०२१ मधल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मंडळांनी, ट्रस्टनी, सोसायट्यांनी घेतलेली कॉन्सन्ट्रेटर यंत्रे, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, अजून ठिकठिकाणी आहेत. तासा-दोन तासांत त्यातले एखादे दारात येते, नळी नाकाला लागते आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. या धावण्यामागच्या मायेबद्दल शंका नाही. मात्र त्या गडबडीत दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी आहे का? आणि दम नेमका कशाने लागतो आहे? आम्ही या भागात बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांची घरी जाऊन देखभाल करणारे डॉक्टर आणि परिचारिका आहोत. या प्रश्नांची उत्तरे न घेता आणलेले यंत्र पुष्कळदा रुग्णाच्या उपयोगी पडत नाही, आणि जे उपयोगी पडले असते ते करायचे राहते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत.

दम लागल्याची जाणीव मेंदूत तयार होते आणि तिथे अनेक ठिकाणांहून खबर येते : छातीच्या स्नायूंना किती जोर लावावा लागतो, फुफ्फुस किती फुगते, रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठला आहे, मनात भीती किती आहे. रक्तातला ऑक्सिजन ही त्यातली फक्त एक खबर. मानेतल्या मोठ्या धमनीपाशी ऑक्सिजनवर नजर ठेवणारा पेशींचा एक पुंजका असतो. धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर साधारण ९० टक्क्यांच्या खाली गेला की त्याची मेंदूला जोराने सूचना जाऊ लागते. त्याच्या वर तो बराचसा शांत असतो. म्हणून आकडा ९५ असताना यंत्र लावून तो ९९ केला, तरी मेंदूकडे जाणारी तक्रार फारशी बदलत नाही. छातीत पाणी भरून फुफ्फुस दबले असेल, पोटातल्या पाण्याने छाती-पोटामधला पडदा वर ढकलला असेल, वजन उतरून श्वासाचे स्नायूच झिजले असतील, तर जास्तीचा ऑक्सिजन यातले काहीच दुरुस्त करत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधले २३९ रुग्ण त्यात होते. आजार बरा न होणारा, उपचार करूनही दम जात नाही, पण रक्तातला ऑक्सिजन घरी यंत्र देण्याइतका कमी नाही, असे हे रुग्ण. त्यांत कॅन्सरचे होते तसे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचेही होते. काहींना यंत्रातून ऑक्सिजन दिला, काहींना तशाच यंत्रातून साधी हवा : मिनिटाला २ लिटर, दिवसाचे किमान १५ तास, सात दिवस. कोणाला काय मिळते ते रुग्णाला ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नव्हते. दोन्ही गटांचा दम थोडा उतरला, आणि सारखाच उतरला. त्यापूर्वी कॅन्सरच्याच रुग्णांवर झालेले छोटे अभ्यास २००८ मध्ये एकत्र करून पाहिले तेव्हाही, ज्यांचा ऑक्सिजन फारसा घटलेला नाही त्यांना साध्या हवेपेक्षा ऑक्सिजनने जास्त फायदा दिसला नव्हता. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘ॲस्को’ या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे : आकडा ९० किंवा त्याखाली असेल तर ऑक्सिजन द्यावा, ९० च्या वर असेल तर केवळ दमासाठी देऊ नये. ‘रोज पंधरा-सोळा तास लावायचाच’ हा नियम आपल्याकडे घरोघर ऐकू येतो. तो सिगारेटमुळे किंवा धुरामुळे फुफ्फुसे कायमची बिघडलेल्या आणि ऑक्सिजन सतत कमी राहणाऱ्या रुग्णांवर १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून आला. तिथे ऑक्सिजनने आयुष्य वाढते. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला तो नियम जसाच्या तसा लावायचे कारण नाही.

आता आकडा कसा घ्यायचा ते. ऑक्सिमीटर घरोघर आहे, पण घाईत चुकीचा वाचला जातो. रुग्णाला पाच-दहा मिनिटे शांत बसू द्यावे. बोट गार असेल तर चोळून कोमट करावे, नेलपॉलिश काढावी, गडद मेंदी असेल तर दुसरे बोट घ्यावे. हात मांडीवर टेकलेला असावा. क्लिप लावल्यावर पहिला दिसेल तो आकडा धरू नये. नाडीबरोबर वर-खाली होणाऱ्या पट्टीची उसळी एका लयीत येईपर्यंत थांबावे, साधारण एक मिनिट, आणि मग स्थिर आकडा लिहावा. सावळ्या त्वचेवर ही यंत्रे खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, तेव्हा ९१-९२ वर निर्धास्त होऊ नये. शेजारी दुसरा आकडाही लिहावा : रुग्णाला विचारावे, शून्य म्हणजे अजिबात दम नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही इतका, तर आत्ता किती? उपचार लागू पडला की नाही हे ठरवायला हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना जास्त. आणि एक लक्षात ठेवावे. ऑक्सिमीटर रक्तात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. जेवढे आहे त्यातले किती टक्के भरलेले आहे तेवढेच सांगतो. हिमोग्लोबिन ५ वर आलेल्या माणसाचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो आणि तो माणूस संडासपर्यंत चालताना धापा टाकतो. त्याला रक्त चढवायचे की नाही याचा विचार व्हायला हवा, यंत्राचा नव्हे.

कारण शोधण्याचा कंटाळा ‘आता काय, शेवटची स्टेज’ या वाक्याने झाकला जातो, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. शेवटच्या टप्प्यातही दमाची काही कारणे दूर करता येतात. छातीत पाणी साठले असेल तर सुईने किंवा बारीक नळीने एका वेळी लिटर-सव्वा लिटर काढल्यावर रुग्ण त्याच दिवशी आडवा झोपू शकतो. पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल तर नळी ठेवता येते किंवा औषध घालून ती पोकळी बंद करता येते. पोटातले पाणी काढल्यानेही श्वास मोकळा होतो. ताप, पिवळा बेडका असेल तर जंतुसंसर्ग. एका पायाला सूज आणि अचानक चढलेला दम असेल तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेल्याची शक्यता, आणि ही तातडीची गोष्ट आहे. चेहरा-मान सुजून शिरा फुगल्या असतील तर छातीतली मोठी शीर दाबली गेली आहे. तिथे स्टेरॉइड, रेडिएशन किंवा स्टेंटचा विचार होतो. छातीत शिट्टी वाजत असेल तर नेब्युलायझरचे औषध चालते. शिट्टी नसताना दिवसातून चार वेळा नेब्युलायझर लावण्याने हृदयाची धडधड आणि हातांची थरथर वाढते, दम तसाच राहतो. टाटा हॉस्पिटलच्या परळच्या पॅलिएटिव्ह मेडिसिन (उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागात अशा दमाची तपासणी आणि उपचार होतात, आणि खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचेच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. तिथे आधीपासून फाइल असलेल्या रुग्णाने यंत्र भाड्याने घेण्याआधी एक फोन किंवा एक फेरी जरूर करावी.

कारण शोधणे चालू असताना आणि कारण दूर होण्यासारखे नसतानाही, हाताशी असलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंखा. चेहऱ्यावर, विशेषतः नाक, ओठ आणि गालांच्या मधल्या भागावर गार वाऱ्याची झुळूक लागली की तिथल्या चेतातंतूंमार्फत मेंदूला ‘हवा मिळते आहे’ अशी खबर जाते आणि दम कमी जाणवतो. यंत्रातून साधी हवा घेणाऱ्यांनाही बरे वाटले त्याचे एक कारण हे असावे. २०१० मध्येच ब्रिटनमधल्या एका अभ्यासात रुग्णांच्या हातात छोटा पंखा दिला. पाच मिनिटे चेहऱ्यावर वारा घेतला तेव्हा दम उतरला, पायांवर घेतला तेव्हा तितका उतरला नाही.

पंखा वापरायचीही रीत आहे. छताचा पंखा पुरत नाही, कारण त्याचा वारा अंगभर पसरतो. चार्ज होणारा, हातात मावणारा छोटा पंखा घ्यावा, दोन-चारशे रुपयांत मिळतो. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, सुमारे १५ सेंटिमीटर, धरावा आणि वारा नाकाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला संथ फिरवावा. पाच मिनिटे तरी द्यावीत. अर्ध्या मिनिटात ‘काही होत नाही’ म्हणून बाजूला ठेवू नये. हात उचलण्याची ताकद नसेल तर उशीशेजारी टेबलफॅन चेहऱ्याच्या रोखाने ठेवावा. डोळे कोरडे पडत असतील तर वारा थोडा खाली, ओठांवर घ्यावा. चेहरा ओल्या गार फडक्याने पुसून मग पंखा लावला तर परिणाम वाढतो. मे महिन्यातल्या दमट दुपारी हे विशेष जाणवते. पंखा रुग्णाच्या उशाशी, त्याच्या हाताला लागेल असा असावा, म्हणजे दम चढायला लागताच हाक मारायची गरज पडत नाही. ही स्वतःच्या हातातली सोय भीती कमी करते, आणि भीती कमी झाली की श्वासही संथ होतो. पंखा स्वच्छ मात्र ठेवावा. पात्यांवरची धूळ आठवड्याला पुसली नाही तर तीच धूळ तोंडावर येते.

बसण्याची ढबही तितकीच महत्त्वाची. पाठीवर सपाट झोपवू नये. समोर टेबल किंवा स्टूल, त्यावर दोन उशा, त्यावर कोपरे टेकून पुढे झुकून बसवावे. अशाने खांदे आणि छातीचे स्नायू श्वासासाठी मोकळे राहतात. पलंगावरच असेल तर पाठीमागे उतरत्या उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी, म्हणजे माणूस खाली घसरत नाही. एका बाजूच्या फुफ्फुसाचा आजार असेल तर कुठल्या कुशीवर बरे वाटते ते रुग्णाला विचारावे. पुस्तकात काहीही असो, तो सांगेल ती कूस खरी. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडायची, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ. हे दम नसताना शिकवून ठेवावे, दम चढल्यावर नवीन काही शिकता येत नाही. खोलीतली गर्दी कमी करावी. कोपरखैरणे-घणसोलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाभोवती आठ जण उभे राहिले की हवेची वाट अडते आणि रुग्णाची घाबरगुंडी वाढते. एकाने समोर बसावे, हात धरावा, बाकीच्यांनी बाहेर थांबावे.

एवढे करूनही दम सोसवत नसेल तर मॉर्फिन. हे नाव काढले की घरातली माणसे दचकतात, ‘म्हणजे संपलेच’ असे समजतात. पण वेदनेला लागते त्यापेक्षा कमी मात्रेत, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन दम लागण्याची जाणीव बोथट करते आणि त्या मात्रेत श्वास बंद पाडत नाही. आधी असे औषध न घेतलेल्या रुग्णाला साधारणपणे अडीच मिलिग्रॅम, म्हणजे १० च्या गोळीचा पाव भाग, दर चार ते सहा तासांनी अशी सुरुवात डॉक्टर करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा आणखी घटते किंवा औषधच बदलते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, नंतर ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रोज रात्री रेचक हवेच. रुग्ण हाका मारून जागा होत नसेल किंवा मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल तर पुढचा डोस न देता लगेच डॉक्टरांना कळवावे. दमासाठी मॉर्फिन सगळ्यांनाच लागू पडते असेही नाही, म्हणून इथेही शून्य ते दहाचा आकडा लिहून ठेवावा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. तरीही ठाण्यापासून पनवेलपर्यंत कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही, आणि एका गोळीच्या पाव भागासाठी नातेवाइकाला पुष्कळदा परळ गाठावे लागते. यंत्रांसाठी वर्गणी काढणाऱ्यांनी आपल्या भागातल्या रुग्णालयाकडे ही मान्यता घेण्याचा आग्रहही धरावा, असे आम्हाला वाटते.

आता ज्यांचा आकडा खरोखर ९० किंवा खाली आहे त्यांच्याबद्दल. त्यांना ऑक्सिजन द्यावा, आणि नीट द्यावा. सुरुवात नाकाच्या नळीने मिनिटाला २ लिटर. आधीचे दोन्ही आकडे लिहिलेले असावेत. अर्ध्या तासाने पुन्हा लिहावेत. आकडा ९० च्या वर आला आणि दम दहातल्या निदान एका घराने उतरला तर उपयोग आहे. फायदा व्हायचा असेल तर तो बहुतेक पहिल्या दिवसात आणि फार तर तीन दिवसांत दिसतो. तीन दिवसांत रुग्णाला स्वतःला फरक वाटत नसेल तर डॉक्टरांशी बोलून बंद करण्याचा विचार करावा. विडी-सिगारेटमुळे किंवा धुरामुळे फुफ्फुसे कायमची बिघडलेल्या रुग्णाला लक्ष्य ८८ ते ९२ एवढेच ठेवतात. त्यांना भरमसाट ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून सकाळी डोके दुखते, गुंगी येते, हात फडफडतात. ‘दम वाढला की लिटर वाढवा’ हे घरच्या घरी कधीच करू नये. नाकाच्या नळीने मिनिटाला १ ते ५ लिटरपर्यंतच द्यायचे. तोंडावरचा साधा मास्क ५ लिटरच्या खाली चालवला तर सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो. २ लिटरवर मास्क लावलेले रुग्ण घरोघर दिसतात, ते तातडीने थांबवायला हवे.

कॉन्सन्ट्रेटर स्वतः ऑक्सिजन तयार करत नाही. खोलीतली हवा ओढतो, आतल्या झिओलाइट या खनिजाच्या खड्यांमध्ये नायट्रोजन अडवतो आणि उरलेला ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन पुढे सोडतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, खड्यांना दमट हवा आणि धूळ मानवत नाही. पडून राहिलेल्या यंत्राचे खडे पावसाळ्यात ओलावा धरतात आणि शुद्धता घसरते, यंत्र मात्र तसेच घरघरत राहते. दोन, ५ लिटरचे यंत्र ५ लिटरच्या पलीकडे ढकलता येत नाही. २०२१ मध्ये बाजारात आलेली काही छोटी यंत्रे ‘१ ते ७ लिटर’ लिहून विकली गेली. लिटर वाढवत नेले की त्यांची शुद्धता ४० टक्क्यांखाली उतरते. म्हणून यंत्र घेताना, दान म्हणून असो की भाड्याने, देणाऱ्याला शुद्धता मोजणारा ऑक्सिजन ॲनालायझर आणायला सांगावे, रुग्णाला लागणाऱ्या लिटरवर दहा मिनिटे चालवावे आणि आकडा डोळ्यांनी पाहावा. ८५ च्या खाली असेल तर परत पाठवावे. पाण्याच्या ग्लासात नळीची टोके बुडवून बुडबुडे पाहण्याची युक्ती चांगली आहे, पण त्याने वाहते आहे एवढेच कळते, काय वाहते ते कळत नाही.

‘यंत्र चालू आहे पण हवा येत नाही’ या तक्रारीचे सगळ्यात जास्त वेळा सापडणारे कारण म्हणजे ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीचे झाकण. ते आट्यांत तिरके बसते, दिसायला घट्ट दिसते आणि सगळा ऑक्सिजन कडेने निसटतो. बाटलीत बुडबुडे नाहीत किंवा मंद आहेत, असे दिसले की झाकण पूर्ण काढावे, उलट दिशेने अर्धा वेढा फिरवून आटे जुळल्याची खट जाणवली की मग आवळावे. त्यानंतर नळी पलंगाच्या पायाखाली किंवा दारात चेपली आहे का ते पाहावे. बाटलीत पाणी दोन रेषांच्या मध्येच हवे. वरच्या रेषेपुढे भरले तर थेंब नळीतून नाकात येतात. पाणी डिस्टिल्ड, नाही तर उकळून गार केलेले, आणि रोज बदललेले. नळाचे पाणी घातल्यास बाटलीच्या आत पांढरा थर धरतो आणि जंतू वाढतात. फ्लोमीटरची, म्हणजे मिनिटाला किती लिटर ते दाखवणाऱ्या नळीतली, गोळी डोळ्यांच्या रेषेत आणून, तिचा मध्य रेघेवर आहे असे पाहून वाचावी. उभ्याने वरून पाहिले तर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवावे, पडद्याला चिकटून नको, स्वयंपाकघरात तर नकोच. बाहेरची जाळी आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. घोडबंदर रोडसारख्या बांधकामाच्या धुळीच्या भागात तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

विजेचाही हिशेब आधीच करावा. ५ लिटरचे यंत्र साधारण ३५० वॉट घेते, म्हणजे चोवीस तासांचे आठ-साडेआठ युनिट, महिन्याचे अडीचशे. घरचा नेहमीचा वापर धरला की बिल वरच्या स्लॅबमध्ये जाते. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीच्या इन्व्हर्टरवर नव्या बॅटरीने तीन-साडेतीन तास मिळतात, जुन्या बॅटरीने त्याच्या निम्मेही नाहीत. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, नाहीतर यंत्राची मोटर तापते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळीच गेली आणि काही भागांत ती कित्येक तास आली नाही. म्हणून यंत्रावर असलेल्या खऱ्या गरजू रुग्णाच्या घरी एक बी-टाइप सिलिंडर राखीव असावाच. त्यात १० लिटर पाण्याची जागा असते, १५० बार दाबाला १५०० लिटर वायू. २ लिटरने साडेबारा तास, ४ लिटरने सव्वासहा. कधीही उरलेला वायू काढायचा तर दाबाच्या काट्यावरचा बार गुणिले दहा, भागिले मिनिटाचे लिटर. काटा ५० वर असेल तर ५०० लिटर, २ लिटरने चार तासांची बेगमी. डी-टाइपचा उंच सिलिंडर ७००० लिटरचा असतो खरा, पण तो साठ किलोंच्या पुढचा. लिफ्ट नसलेल्या सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो चढवणे आणि रात्री बदलणे घरच्या माणसांचे काम नव्हे. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधावा, झडप हळू उघडावी. फूस आवाज येत असेल तर आतला वॉशर गेला आहे, तो बदलावा. तिथे तेल, ग्रीस, किंवा नळकामाची टेप लावू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतो.

हीच गोष्ट नाकाची. नाक कोरडे पडते म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावतात, ते टाळावे. पाण्यात विरघळणारी जेली किंवा सलाइनचे थेंब वापरावेत. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे समई, निरांजन, उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, विडी काही नको. देव त्याच खोलीत असतील तर पूजेपुरते दिवा बाहेर लावावा. गॅसची शेगडी तीन मीटर तरी लांब हवी. ऑक्सिजन गोधडीत, चादरीत, कपड्यांत मुरतो आणि ठिणगी पडली तर ते भराभर जळतात. म्हणून यंत्र चालू ठेवून नळी अंथरुणावर टाकू नये, आधी बटण बंद करावे.

ऑक्सिजनला अपाय नाही, लावून ठेवायला काय हरकत, असे ऐकू येते. पण अपाय होतो. नाकातून रक्त येते. कानामागे, जिथे नळी टेकते, तिथे आधी लाल वळ उठतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कातडे सोलवटते. तिथे कापसाची किंवा मऊ फडक्याची घडी पहिल्याच दिवशी ठेवावी. पण याहून मोठा अपाय निराळा. रुग्ण नळीच्या लांबीएवढाच फिरतो, गॅलरीत जाऊन बसणे बंद होते, नातवंडे यंत्राला घाबरून लांब राहतात, रात्रभरच्या घरघरीने कोणाची झोप होत नाही, आणि वीज गेली की सगळ्या घराचा थरकाप होतो. ज्याला गरज आहे त्याने हे सोसणे योग्यच. ज्याचा आकडा ९६ आहे त्याच्यावर ते लादणे आम्हाला पटत नाही.

अखेरच्या एक-दोन दिवसांत, शुद्ध हरपलेली असताना, श्वास अनियमित होतो, घशात घरघर येते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण चेहरा शांत असेल, कपाळावर आठ्या नसतील, तर रुग्णाला त्याचा त्रास होत नसतो. अशा वेळी नव्याने ऑक्सिजन लावून उपयोग होत नाही, लावलेला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करता येतो. एका कुशीवर वळवावे, ओठ आणि जीभ ओल्या कापसाने भिजवत राहावे.

शेवटी दोन विनंत्या. पहिली, आमच्याच व्यवसायातल्या सहकाऱ्यांना. डिस्चार्ज कार्डावर ‘घरी ऑक्सिजन, गरजेनुसार’ एवढेच लिहू नये. मिनिटाला किती लिटर, नळी की मास्क, दिवसाचे किती तास, कोणता आकडा गाठायचा, आणि तीन दिवसांनी चालू ठेवायचे की नाही हे कोण ठरवणार, हे पाच मुद्दे लिहावेत. त्यासाठी दोन मिनिटे लागतात. दुसरी, यंत्रे देणाऱ्या मंडळांना आणि ट्रस्टना. प्रत्येक यंत्राला एक वही बांधावी आणि त्यात तासांचा मीटर, शुद्धतेचा आकडा, जाळी कधी धुतली, ते प्रत्येक देवाणघेवाणीला लिहावे. नाकाची नळी आणि पाण्याची बाटली एका रुग्णाची दुसऱ्याला देऊ नये, दर वेळी नवी द्यावी. पडून असलेले यंत्र दर आठवड्याला तासभर चालवावे, म्हणजे खडे कोरडे राहतात. मागणी आली की आधी शांत बसल्यावरचा ऑक्सिमीटरचा आकडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. आणि यंत्राच्या प्रत्येक खोक्यात एक छोटा पंखा घालावा. आकडा ९० च्या वर असेल तर चिठ्ठी येईपर्यंत तोच पुढे पाठवावा.

आपले,
घरपोच उपशामक सेवेतील डॉक्टर व परिचारिका, ठाणे आणि नवी मुंबई